पिंपळगावची काळी आणि चंद्रावरचा चुरा

पिंपळगाव रेणुकाईच्या शिवारात विहीर खोदायला घेतली की जमिनीचे थर एकामागून एक उघडे पडतात. सगळ्यात वर काळी माती. माळावर ती वीतभर असते, ओढ्याकाठी पुरुषभर खोल जाते. तिच्या बुडाशी चुनखडीचे पांढरे खडे मिसळलेला पिवळट थर. मग मुरूम. कुदळीने तो सहज फुटतो, मुठीत दाबला तर चुरतो, पण त्यात पीक घ्यायचं म्हटलं तर कोणी तयार होणार नाही. मुरमाखाली भेगाळलेला कच्चा खडक, आणि त्याच्याही खाली काळा पाषाण. तिथे कुदळ थांबते आणि सुरुंगाची भाषा सुरू होते.

भोकरदन तालुक्यातलं हे गाव हिरव्या मिरचीच्या बाजारासाठी ओळखलं जातं. पण या लेखापुरता आपल्याला त्या विहिरीच्या उभ्या कडेशी मतलब आहे. ती खालून वर वाचली, तर खडकाची माती कशी झाली याची सगळी हकिकत तिच्यात लिहिलेली आहे. आणि चंद्राचा पृष्ठभाग समजून घ्यायला याहून सोयीची जागा नाही, कारण चंद्रावरच्या काळ्या डागांचा खडकही हाच आहे. फक्त तिथे पुढची हकिकत वेगळी घडली.

दख्खनचा काळा पाषाण म्हणजे बेसाल्ट. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी जमिनीच्या लांबलचक भेगांमधून लाव्हा वाहत राहिला आणि थरावर थर चढत गेले. अजिंठ्याच्या रांगेतले पायऱ्यापायऱ्यांचे डोंगर त्याच थरांचे. पौर्णिमेच्या चंद्रावर ज्या डागांत आपण ससा नाहीतर हरीण शोधतो, ते डाग म्हणजे असेच लाव्हाने भरून गेलेले प्रचंड खळगे. तो लाव्हा बहुतांशी तीन ते चार अब्ज वर्षांपूर्वीचा. म्हणजे आपला पाषाण त्याच्यापुढे अगदी कालचा.

दोन्हींची रासायनिक तपासणी शेजारीशेजारी ठेवली की नातं लगेच दिसतं. अपोलो ११ ने जुलै १९६९ मध्ये चंद्राच्या शांतिसागर या काळ्या मैदानातून आणलेल्या भुकटीत सिलिका ४२ टक्क्यांच्या आसपास, ॲल्युमिनियमचं ऑक्साइड १४, लोहाचं १६ आणि कॅल्शियमचं १२ टक्के. दख्खनच्या बेसाल्टमध्ये सिलिका साधारण ४८ ते ५० टक्के, ॲल्युमिनियमचं ऑक्साइड १३-१४, लोहाचं तेवढंच आणि कॅल्शियमचं १० ते ११. मोठा फरक दोन ठिकाणी. त्या चंद्रभुकटीत टायटॅनियमचं ऑक्साइड साडेसात टक्क्यांच्या घरात, आपल्याकडे दोन-तीन टक्के. उलट सोडियम आणि पोटॅशियम चंद्रावर फारच कमी, कारण उष्णतेने सहज उडून जाणारी मूलद्रव्यं चंद्र घडतानाच त्याच्या वाट्याला थोडी आली. खनिजं मात्र ओळखीचीच आहेत: फेल्डस्पार, पायरोक्झिन, ऑलिव्हिन, इल्मेनाइट.

चंद्राचा उजळ भाग वेगळ्या खडकाचा आहे. त्याला ॲनॉर्थोसाइट म्हणतात. तो जवळजवळ सगळा फेल्डस्पारचा, त्यामुळे फिकट. २३ ऑगस्ट २०२३ ला चांद्रयान-३ उतरलं ते या उजळ प्रदेशात. प्रज्ञान रोव्हर शंभरेक मीटर चालला आणि त्याच्यावरच्या क्ष-किरण उपकरणाने २३ ठिकाणी भुकटी तपासली. ती सगळीकडे जवळपास सारखी, ॲनॉर्थोसाइटच्या घडणीची निघाली. चांद्रमोहिमांच्या तयारीसाठी इस्रोला चंद्रासारखी भुकटी मोठ्या प्रमाणावर हवी होती, तेव्हा तामिळनाडूत सेलमजवळच्या सितमपुंडी आणि कुन्नमलई या गावांचा ॲनॉर्थोसाइट दळून ती बनवली गेली. यान चंद्राच्या काळ्या मैदानात उतरायचं असतं, तर मराठवाड्याचा पाषाण उपयोगी पडला असता.

आता विहिरीच्या कडेकडे परत वळू.

पावसाचं पाणी हवेतला आणि मातीतला कार्बन डायऑक्साइड विरघळवून घेतं आणि किंचित आंबट होतं. हे सौम्य आम्ल पाषाणाच्या बारीक चिरांत शिरतं आणि खनिजांतून सोडियम, कॅल्शियम, मॅग्नेशियम हळूहळू सोडवून घेतं. लोह हवेतल्या प्राणवायूशी मिळून गंजतं. खडक आतून सैल पडतो, त्याचा मुरूम होतो. इथे काम थांबलं असतं तर शेत झालंच नसतं. पण विरघळलेली सिलिका, ॲल्युमिनियम आणि मॅग्नेशियम पुन्हा एकत्र येतात आणि मुळात खडकात नव्हतंच असं एक नवं खनिज तयार होतं: मॉन्टमोरिलोनाइट. काळ्या मातीचा जीव याच चिकणमातीत आहे.

हे खनिज अतिशय पातळ पापुद्र्यांचं असतं. पाणी मिळालं की पापुद्रे एकमेकांपासून दूर सरकतात आणि माती फुगते. पाणी गेलं की ते मिटतात. म्हणून आपल्या जमिनीला वैशाखात हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि मृगाचे दोन चांगले पाऊस झाले की त्या बुजतात. भेगांत वरची माती पडते, फुगताना खालची वर रेटली जाते, आणि अशी ही जमीन नांगर न लावताही वर्षानुवर्षं स्वतःला उलथत राहते. एक ग्रॅम मॉन्टमोरिलोनाइटचे सगळे पापुद्रे सुटे करून पसरले, तर त्यांचं क्षेत्रफळ ६०० ते ८०० चौरस मीटर भरतं. म्हणजे चिमूटभर मातीत सहा ते आठ गुंठे! या पृष्ठभागावर ऋण विद्युतभार असतो. कॅल्शियम, मॅग्नेशियम, पोटॅशियम, अमोनियम हे धनभारित अन्नकण त्याला चिकटून राहतात, आणि मुळं मागतील तसे सुटतात. खत दिलं आणि पावसाने सगळंच वाहून नेलं असं काळ्या जमिनीत सहसा का होत नाही, याचं उत्तर या पापुद्र्यांत आहे.

खडक तोच असला तरी पाण्याचं प्रमाण बदललं की निकालही बदलतो. कोकणात आणि सह्याद्रीच्या माथ्यावर याच दख्खनी बेसाल्टवर धो धो पाऊस पडला. त्याने कॅल्शियम-मॅग्नेशियमच काय, बरीचशी सिलिकाही धुऊन नेली आणि मागे उरला लोह-ॲल्युमिनियमचा तांबडा जांभा. मराठवाड्यात पाऊस बेताचा, म्हणून सुटलेली द्रव्यं जागच्या जागी राहिली, चुनखडी साठली आणि काळी झाली. अपुऱ्या पावसाने गांजलेल्या या भागाला त्याच कमी पावसाने एवढी कसदार जमीन दिली, ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते.

यातला एकही कारागीर चंद्रावर नाही. हवा नाही, वाहतं पाणी नाही, मुळं नाहीत, जिवाणू नाहीत. तिथे खडक कुजत नाही, तो फुटतो.

फोडणारे येतात अवकाशातून. मोठ्या उल्का क्वचित, पण धुळीच्या कणाएवढ्या सूक्ष्म उल्का सतत. पृथ्वीवर त्या वरच्या वातावरणातच जळून जातात. चंद्रावर त्या सेकंदाला सरासरी १५-२० किलोमीटर वेगाने थेट जमिनीवर आदळतात. अब्जावधी वर्षं हा मारा चालू आहे. त्यातून तयार झालेल्या सैल थराला शास्त्रज्ञ रेगोलिथ म्हणतात. काळ्या मैदानांवर तो साधारण चार-पाच मीटर जाड आहे आणि उजळ, जुन्या प्रदेशात दहा ते पंधरा मीटर. कणांचा सरासरी आकार ७० मायक्रॉनच्या जवळपास, म्हणजे केसाच्या जाडीएवढा. वजनाने सुमारे पाचवा हिस्सा २० मायक्रॉनहूनही बारीक.

एवढा मारा होऊनही सगळ्याचं पीठ कसं झालं नाही? कारण आघात फोडतो तसा जोडतोही. सूक्ष्म उल्का आदळते त्या ठिकाणी क्षणभर इतकी उष्णता होते की थोडी भुकटी वितळते, आजूबाजूच्या कणांना कवेत घेते आणि थंड होऊन काच बनते. गुळाच्या पाकात शेंगदाणे अडकून चिक्की व्हावी, तशा या वेड्यावाकड्या गाठी असतात. आत बुडबुडे, बाहेर टोकदार कोपरे. जी भुकटी फार काळ पृष्ठभागावर पडून राहिली, तिच्यात या काचगाठींचं प्रमाण निम्म्याहून अधिक असू शकतं. फुटणं आणि जुळणं यांचा तोल साधला की कणांचा आकार पुढे फारसा घटत नाही.

दुसरा कारागीर सूर्य. सूर्याकडून सुटणारा हायड्रोजन आणि हेलियमच्या भारित कणांचा झोत पृथ्वीवर चुंबकीय क्षेत्र अडवतं. चंद्रावर तो थेट कणांच्या सालीत घुसतो. हा झोत आणि सूक्ष्म आघातांची वाफ मिळून लोहाच्या ऑक्साइडमधून प्राणवायू हुसकावतात आणि कणांच्या पृष्ठभागावर शुद्ध लोहाचे अतिसूक्ष्म ठिपके उरतात. इतके सूक्ष्म, की त्यांना नॅनोमीटरमध्ये मोजावं लागतं. याच ठिपक्यांमुळे जुनी भुकटी काळवंडते. आपल्याकडे लोह प्राणवायू घेऊन गंजतं, तिथे ते प्राणवायू गमावून उघडं पडतं. दोन जमिनींतला मला सगळ्यात मूलभूत वाटणारा फरक हाच. घुसलेल्या हायड्रोजनपैकी काही कणांतल्या प्राणवायूशी बांधला जातो. २००९ मध्ये चांद्रयान-१ वरच्या उपकरणाने चंद्रावर जलअंशाची खूण टिपली, तिच्यामागे हीही एक प्रक्रिया आहे.

एखादा कण किती काळ उघड्यावर पडून होता, हेही मोजता येतं. वैश्विक किरण खनिजातून आरपार जाताना सूक्ष्म ओरखडा सोडतात. स्फटिकावर योग्य रसायनाची प्रक्रिया केली की ओरखडे रुंद होऊन सूक्ष्मदर्शकाखाली दिसतात. अपोलोचे नमुने जगभरच्या प्रयोगशाळांना वाटले गेले, तेव्हा मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत देवेंद्र लाल, नरेंद्र भंडारी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याच ओरखड्यांचा अभ्यास केला. चंद्राचे कण कुलाब्याच्या प्रयोगशाळेत वाचले गेले, हे आपल्याकडे फार थोड्यांना ठाऊक आहे. शाळेच्या पुस्तकात त्याला जागा मिळायला हवी.

हातात घेतल्यावर ही भुकटी कशी वागते? आपल्याकडचा वाळूचा कण ओढ्यात घरंगळून गोल होतो. चंद्रावर घासून गोटा करणारं काही नाही, म्हणून प्रत्येक कणाच्या कडा धारदार राहतात आणि एकमेकींत अडकतात. अंतराळवीरांच्या बुटांचे ठसे आठवा. काळ्या मातीत असा कोरीव ठसा उमटायला ओल लागते. कोरड्या फुफाट्यात पाऊल टाकलं तर कडा ढासळतात. चंद्रावर पाण्याचा थेंब नसताना ठशाच्या भिंती उभ्या राहतात, त्या या अडकलेल्या कडांमुळे. वरचे काही सेंटीमीटर सैल, पण खाली हा थर झपाट्याने घट्ट होतो. अपोलोच्या अंतराळवीरांना नमुन्याची नळी हाताने थोडीच आत ढकलता येई, पुढे हातोड्याने ठोकावी लागे. खोलवरचा नमुना घ्यायला ड्रिल न्यावं लागलं, तेही तीनेक मीटरच्या आतच थांबलं.

ही धार त्रासदायक आहे. धूळ कपड्यांना घट्ट चिकटते, हातमोजे आणि सांधे झिजवते. डिसेंबर १९७२ मध्ये अपोलो १७ मधून गेलेले भूवैज्ञानिक हॅरिसन श्मिट यांना यानात शिरलेल्या धुळीने नाक चोंदण्याचा त्रास झाला. धुळीला जळलेल्या बंदुकीच्या दारूसारखा वास येतो, असं अनेक अंतराळवीरांनी सांगितलं. यान उतरतानाही ही धूळ शांत बसत नाही. चांद्रयान-३ चा विक्रम लँडर उतरताना त्याच्या इंजिनांच्या झोताने सुमारे दोन टन भुकटी उडाली आणि १०८ चौरस मीटर भागावर उजळ वलय उमटलं. इस्रोने ते चांद्रयान-२ च्या कॅमेऱ्यातून आधीचं आणि नंतरचं छायाचित्र ताडून मोजलं.

विक्रमवर 'चेस्ट' नावाची एक सळई होती, तिच्यावर दहा तापमापक. ती भुकटीत रोवली गेली आणि आलेले आकडे थक्क करणारे होते. वर तापमान ५० अंश सेल्सियसच्या पुढे, आणि फक्त ८ सेंटीमीटर खाली उणे १० अंश. चार बोटांच्या अंतरात साठ अंशांचा फरक! भोकरदनच्या शेतातही मे महिन्यात वरची ढेकळं पाय पोळतात आणि वीतभर खाली गारवा असतो, पण एवढी तफावत कधीच नसते, कारण मातीच्या पोकळ्यांतली हवा आणि ओल उष्णता खाली नेतात. चंद्रभुकटीच्या पोकळ्यांत काहीच नाही. कण एकमेकांना टोकांनीच शिवतात आणि उष्णता तेवढ्या टोकांतूनच उतरू शकते. उद्या तिथे मुक्काम करायचा, तर हीच भुकटी छपरावर पसरून ऊन, थंडी आणि किरणं अडवता येतील, असा विचार चालू आहे तो यामुळे.

दोन्ही हकिकती एकाच जागी पाहायच्या असतील तर शेजारच्या बुलढाणा जिल्ह्यात लोणारला जावं. सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचं ते विवर थेट दख्खनच्या बेसाल्टमध्ये उल्का आदळून झालेलं आहे. १९७३ साली तिथल्या खडकात मास्केलिनाइट सापडल्याचं प्रसिद्ध झालं. ही आघाताच्या दाबाने फेल्डस्पारची झालेली काच. काचेचे गोल थेंबही तिथे मिळतात. चंद्रावर जे रोजचं आहे, ते आपल्या पाषाणावर एकदा घडलं. पण तो आघात आर्गॉन पद्धतीने काढलेल्या वयानुसार सुमारे ५ लाख ७० हजार वर्षांपूर्वीचा, आणि तेवढ्यात पावसाने कडांवर घळी पाडल्या, तळाशी गाळ आणि खारं पाणी साठवलं, उतारावर माती धरली आणि तिच्यावर झाडी वाढली. एवढ्याच वयाचं विवर चंद्रावर जवळजवळ कोरं राहिलं असतं. तिथली झीज दहा लाख वर्षांत मिलिमीटरभर असते.

आता शेतकऱ्याचा प्रश्न: त्यात काही पिकेल का? मृदा आरोग्य पत्रिकेवर बारा गोष्टी असतात. ती पत्रिका चंद्रभुकटीसाठी भरू पाहिली तर काय दिसतं? लोह, मँगनीज भरपूर. गंधक आहे, प्रज्ञानच्या लेसर उपकरणाने ते तिथल्या तिथे ओळखलं. स्फुरद थोडं. पालाश आपल्यापेक्षा बरंच कमी. नत्र सूर्याच्या झोतातून आलं तेवढंच, दशलक्ष भागांत शंभरच्या आसपास, आणि तेही पिकाला घेता येईल अशा रूपात नाही. सेंद्रिय कर्बाच्या रकान्यात शून्य म्हणावं असा आकडा. पण पत्रिकेचा एक धडा आपल्या शेतकऱ्याला आधीच माहीत आहे: जमिनीत असणं वेगळं आणि पिकाला लागू होणं वेगळं. काळी जमीन लोहाने भरलेली असूनही चुनखडीमुळे पिकाला लोह मिळत नाही आणि कोवळी पानं पिवळी पडतात. चंद्रभुकटीत याच्या उलट अडचण. तिथली काच आणि उघडं लोह पाणी-हवा लागताच झपाट्याने प्रतिक्रिया देतात आणि मुळांना बाधतात. शिवाय अन्न धरून ठेवणारे ते पापुद्रे नाहीतच. एक ग्रॅम भुकटीचा एकूण पृष्ठभाग जेमतेम अर्धा चौरस मीटर.

हे नुसतं अनुमान नाही. मे २०२२ मध्ये फ्लोरिडा विद्यापीठातल्या ॲना-लिसा पॉल, रॉबर्ट फर्ल आणि स्टीफन एलार्डो यांनी अपोलो ११, १२ आणि १७ च्या खऱ्या भुकटीत मोहरीच्या कुळातली अराबिडॉप्सिस ही छोटी वनस्पती वाढवल्याचं प्रसिद्ध केलं. सगळी मिळून १२ ग्रॅम भुकटी, एका रोपाला एक ग्रॅमसुद्धा नाही. वरून रोज अन्नद्रावण. बिया सगळीकडे रुजल्या. आठवड्याच्या आतच फरक दिसू लागला: मुळं खुरटली, पानं लहान राहिली, काही रोपं तांबूस-काळी पडली. विसाव्या दिवशी रोपांची जनुकीय तपासणी केली तेव्हा खारवट किंवा धातूंनी बिघडलेल्या जमिनीत रोप जसं वागतं, तशी लक्षणं दिसली. सर्वांत वाईट हाल अपोलो ११ च्या भुकटीतल्या रोपांचे. ती भुकटी सर्वांत जास्त काळ उघड्यावर पडलेली, म्हणजे काचगाठी आणि लोहाच्या ठिपक्यांनी सर्वांत भरलेली. आपल्याकडे बेताच्या पावसात खडक मुरत गेला की जमीन सुपीक होते. तिथे तो जितका जास्त मारा खातो तितका रोपांना जाचतो.

याहून मोलाचा मला दुसरा प्रयोग वाटतो, कारण तो आपल्या रब्बीच्या पिकावर झाला. टेक्सासमध्ये जेसिका ॲटकिन आणि सारा ऑलिव्हेरा सँटोस यांनी चंद्रभुकटीसारख्या कृत्रिम भुकटीत हरभरा लावला. त्यांनी भुकटीत गांडूळ खत मिसळलं आणि बियांना मुळांशी सहजीवन करणारी मायकोरायझा बुरशी लावली. ही बुरशी मुळांना पाणी-स्फुरद पोचवते आणि काही धातू स्वतःकडे अडवून धरते. भुकटीचं प्रमाण ७५ टक्क्यांपर्यंत असलेल्या कुंड्यांत हरभऱ्याने दाणे धरले. निव्वळ भुकटीतल्या रोपांनी धरले नाहीत, मात्र बुरशी लावलेली रोपं न लावलेल्यांपेक्षा जास्त काळ तगली, आणि बुरशी निव्वळ भुकटीतही रुजली. म्हणजे पाषाणाच्या चुऱ्यात खनिजं आधीपासून होती. उणीव होती ती कुजलेल्या काडीकचऱ्याची, गांडुळाची आणि बुरशीची. ताण सगळ्याच रोपांवर होता. ते दाणे लगेच डाळीला घेता येणार नाहीत, कारण भुकटीतले धातू दाण्यात किती उतरतात हे आधी तपासावं लागतं. एक पीक निघाल्यावर त्याच भुकटीत दुसरं, तिसरं पीक घेत गेलं तर ती हळूहळू जमिनीसारखी वागू लागते का, हा त्याच्या पुढचा प्रश्न.